पीस शिवायचा असतो

हातात पीस पडला की ती आधी तो उजेडाकडे धरायची. आरपार माणसं दिसतात का ते बघायची. मग दोन्ही टोकं पकडून फट्कन झटका द्यायची, आणि देणारी बाई समोर हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी असतानाच म्हणायची, "अस्तर लागेल. पण शिवते."

देणारी ताट तसंच धरून बघत राहायची. ओटीतला पीस कोणी असा तपासून घेत नाही. तो गुपचूप पिशवीत टाकायचा, घरी न्यायचा आणि पेटीत ठेवायचा, अशीच रीत आहे.

पीस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तरी सांगते, कारण दिल्लीत वाढलेल्या आमच्या नातींना हल्ली ओटीही समजावून द्यावी लागते. पीस म्हणजे ब्लाउजचं कापड, मीटरभरसुद्धा नसतं. ओटीत तांदूळ, नारळ आणि त्यावर हा. माझ्या लहानपणी गावाकडे त्याला खण म्हणत. पुढे ब्लाउजपीस हा शब्द आला. त्यातला ब्लाउज गळून गेला आणि पीस तेवढा राहिला. माझा नवरा रश्श्यातल्या मटणाला पीस म्हणतो. मानेसरच्या कारखान्यात जाणारी पोरं लोखंडाच्या सुट्या भागांना पीस म्हणतात. पण आम्हा बायकांमध्ये नुसतं पीस म्हटलं की ते ब्लाउजचंच कापड. आणि कोणी "पीसच तर आहे" म्हणाली की समजायचं, त्या वस्तूला काही किंमत नाही.

खण होता तोवर तो अंगावर जायचा. पीस झाल्यापासून तो पेटीत जातो, आणि पुढच्या संक्रांतीला पेटीतून निघून दुसरीच्या ओटीत. ती तिसरीला देते. असा फिरत फिरत एखादा पीस दोन वर्षांनी पहिलीच्याच ओटीत येऊन पडतो आणि ती हसतमुखाने घेते. सगळ्यांना सगळं माहीत असतं. कोणी बोलत नाही.

ती बोलायची. "पीस शिवायचा असतो, फिरवायचा नसतो," हे तिचं ठरलेलं वाक्य.

दिल्लीच्या छावणीच्या मागच्या वस्तीत आमचं घर. माझा नवरा फौजेत गाडी चालवायचा. पेन्शन झाल्यावर गावी जायचं जायचं म्हणता आम्ही इथेच राहिलो. मी शिकले चौथीपर्यंत, पण मशीन चांगलं चालवते. खालच्या खोलीत मशीन टाकून मी आसपासच्या मराठी बायकांचे ब्लाउज शिवते. ती दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचा नवरा हवालदार होता. मी तिला नावाने हाक मारायची, पण ते नाव इथे लिहीत नाही. बाकी सगळ्या तिला मावशी म्हणायच्या, तेच इथे चालेल.

मावशी पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत सहा-सात पीस होते. एक गुलाबी, एक पोपटी, एक मोरांचा, एकाला जरीचे ठिपके.

मी विचारलं, "कुठल्या साड्यांवर?"

"आहेत त्या साड्यांवर."

"रंग जुळायला नको?"

"माझा आणि हवालदारांचा जुळलाय का? तीस वर्षं चाललंय ना?"

मी मापं घेतली. मापं घेताना मी पुन्हा म्हणाले, "अगं, हे लोक देतात ते पुढे द्यायला असतात."

ती म्हणाली, "फुकटचं कापड घरी येतंय. मी काय वेडी आहे परत द्यायला?"

आता ह्यात मोठं तत्त्व वगैरे काही नव्हतं, हे लक्षात घ्या. पुढे लोकांनी तिच्याबद्दल बरंच काय काय सांगितलं. मला जे ऐकू आलं ते एवढंच.

पण ह्यातून एक गोष्ट झाली. मावशी ज्या बाईच्या घरी जायची त्या बाईने दिलेल्या पीसचा ब्लाउज घालून जायची. आणि तिथे सगळ्यांसमोर यजमानीणबाईंना सांगायची, "हा तुमचाच बरं का."

आमच्याकडे एक सुभेदारीणबाई आहेत. अंगाने भरभक्कम, आवाजही तसाच. गणपतीत आरतीला कोण आधी, महाप्रसादाला कोण वाढणार, सगळं त्या ठरवतात. मावशीच्या नवऱ्याने सुभेदारांच्या हाताखाली नोकरी केलेली, त्यामुळे बाईंचा मावशीवर जरा जास्तच हक्क. त्यांनी एकदा मावशीला पोपटी पीस दिला. त्यावर सोनेरी चमकी. ते कापड नव्हतंच, प्लास्टिक होतं. मी शिवताना सुई तापायची. मी अस्तर लावते म्हटलं, तर मावशी म्हणाली, "नको. जसा दिला तसा घालते."

आणि भर मे महिन्यात, दिल्लीच्या उन्हाळ्यात, सुभेदारीणबाईंच्या सत्यनारायणाला ती तो ब्लाउज घालून गेली. कथा सुरू झाली आणि हिने मान खाजवायला सुरुवात केली. मग खांदा, मग पाठ. पाठीला हात पोचेना तेव्हा शेजारणीला म्हणाली, "जरा खाजव गं." गुरुजी थांबले. सुभेदारीणबाई म्हणाल्या, "काय होतंय?"

"काही नाही वहिनी. तुमचा पीस आहे. टोचतो."

हसू दाबता दाबता माझ्या पोटात कळ आली. सुभेदारीणबाईंनी तिला प्रसाद शेवटी दिला. पण त्यानंतर मावशीच्या ओटीत वाईट पीस टाकायची कोणाची छाती झाली नाही. तिला मिळायचा तो सुती, जाड, रंग न जाणारा. बायका दुकानात "जरा अच्छा दिखाना भैया, पहनने के लिए चाहिए" म्हणायला लागल्या. दुकानदारालाही नवल वाटलं असेल, की इतकी वर्षं ह्या मग कशासाठी नेत होत्या.

ती स्वतः काय द्यायची तेही ऐका. दरवर्षी ती एकाच रंगाचा आख्खा तागा आणायची आणि त्यातूनच सगळ्यांचे पीस फाडायची. त्यामुळे तिचा पीस कोणालाच पुढे देता यायचा नाही. दुसरी बघताक्षणी म्हणायची, "अय्या, हा तर मावशींचा!" शेवटी बायका कंटाळून शिवायला टाकायच्या. एका वर्षी आमची सगळी गल्ली विटकरी ब्लाउजात फिरत होती. बाजारात एक सरदारजी मला म्हणाले, "आप लोगों की कोई यूनिफॉर्म है क्या?"

अशी ती होती. आता त्या पोरीची गोष्ट सांगते.

एका फाल्गुनात दुपारी मावशी माझ्याकडे आली. बरोबर एक बारकीशी मुलगी. नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, लग्नाला वर्षही झालेलं नाही. पोरगी रडून रडून सुजलेली.

"सांग हिला," मावशी म्हणाली. "ही शिवते. हिला कापडातलं कळतं."

पोरीची आई लग्नानंतर चार महिन्यांत गेली होती. लग्नात सासरी पाठवताना आईने तिची ओटी भरली ती खणाने. अस्सल, हातमागाचा खण. अंजिरी रंग, हिरवे काठ. काठात एका ठिकाणी विणताना धागा चुकलेला, म्हणून दुकानदाराने तो स्वस्तात दिला होता. आई म्हणाली होती, "बाळंतपणाला येशील तेव्हा मी शिवून देईन." पोरीने तो पेटीत जपून ठेवला. आई गेल्यावर तर तिने त्याला हातही लावला नाही.

संक्रांतीला सासू गावाहून आली. मानेसरच्या खोलीत हळदीकुंकू केलं. बायका मोजून पीस आणलेले आणि एक बाई जास्तीची आली. पोरगी आत चहा गाळत होती. सासूने पेटी उघडली, वरच हा दिसला, तो ओटीत घालून टाकला.

"मी विचारलं तर म्हणाल्या, पीसच तर होता, दुसरा घेऊ," पोरगी म्हणाली. "त्या वाईट नाहीत हो काकू. त्यांना माहीतच नव्हतं."

"ज्या बाईला दिला तिला विचारलंस?" मी म्हटलं.

"विचारलं. ती म्हणते, शिवला."

मावशी मला म्हणाली, "खरं वाटतं तुला?"

"नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही. चल गं पोरी."

दुसऱ्या दिवसापासून मावशीने शोध सुरू केला. गुडघे दुखायचे तिचे, तरी बस आणि शेअर ऑटो धरून मानेसरला गेली. संध्याकाळी येऊन मला वृत्तान्त. मानेसरची बाई म्हणाली, शिवला. मावशी म्हणाली, दाखव. तर म्हणे धुवायला टाकलाय. मावशी तिथेच ठाण मांडून बसली, म्हणाली, मी वाळेपर्यंत थांबते. तेव्हा बाईने कबूल केलं, की मुनिरकाला पोरांची मेस चालवणारी एक जण आहे, तिला दिला.

मुनिरकाची मेसवाली पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मावशी, तो तर मी शिवला ना, बिल्कुल." दाखव म्हटल्यावर म्हणे गावी राहिला. समोर जेवायला बसलेला एक विद्यार्थी, परीक्षेची तयारी करणारा, मध्येच म्हणाला, "काकू, तुम्ही तर गावी दिवाळीलाच गेला होता." मेसवालीने त्याच्या ताटात लाटणं आपटलं. मग सांगितलं, गाझियाबादला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका वहिनींना दिला.

गाझियाबादच्या वहिनी सुशिक्षित. त्यांनी मावशीला सरबत दिलं, सोफ्यावर बसवलं आणि सांगितलं, "तो खण ना? फार सुंदर होता. मी लगेच शिवून घेतला." आणि दाखवायच्या वेळी म्हणाल्या, "टेलरकडे आहे, फिटिंगला." त्यांच्या पुढे मावशीचं काही चाललं नाही. टेलरचा पत्ताही त्यांना आठवेना.

"म्हणजे एका पीसचे तीन ब्लाउज झालेत," मी म्हटलं.

मावशी हसली नाही. पाय तेलाने चोळत बसली होती. म्हणाली, "अगं, ह्या खोटं का बोलतायत माहितीये? माझ्यामुळे. मी इतकी वर्षं फिरवायचा नसतो, फिरवायचा नसतो म्हणून डोकं खाल्लं. आता मी विचारायला गेले की ह्या कबूल कशा करणार?"

मी म्हटलं, "मग आता?"

"आता मी लाज सोडते. म्हणजे त्यांना लाजायला नको."

आणि तिने काय केलं, तर चैत्रातलं हळदीकुंकू काढलं. दिल्लीत असतील नसतील तेवढ्या ओळखीच्या मराठी बायकांना निरोप. मानेसर, मुनिरका, गाझियाबाद, छावणीतल्या क्वार्टरमधल्या नव्या पोरी, सगळ्यांना. निरोप असा, की येताना आपापल्या पेटीत पडलेले सगळे पीस घेऊन या. कोणी दिला, कधी दिला, कोणी विचारणार नाही. दिवाणावर ढीग घालायचा आणि ज्या पीसचा तुम्ही खरोखर ब्लाउज शिवाल तो उचलून न्यायचा.

मला वाटलं, कोणी येणार नाही. आल्या! पदराखाली पिशव्या लपवून आल्या. पहिलीने इकडे तिकडे बघत दोन पीस ठेवले. दुसरीने चार. मग एकीने सरळ पिशवी उपडी केली, तेव्हा सगळ्यांना धीर आला. मग काय विचारता! दिवाण दिसेना. लाल, निळे, ठिपक्यांचे, बांधणीचे, काहींवर दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच. मानेसरवाली, मुनिरकावाली, गाझियाबादच्या वहिनी एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या. एक म्हातारी ढिगातून एक निळा उपसून ओरडली, "हा माझ्या थोरल्याच्या बारशाचा!" थोरल्याला आता स्वतःची पोरं आहेत.

बायका हसत होत्या, एकमेकींना टोमणे मारत होत्या, आंब्याची डाळ आणि पन्हं चाललं होतं. आणि ती पोरगी दिवाणापाशी गुडघे टेकून एकेक पीस उलटत होती. अंजिरी दिसला की हात थांबायचा. काठ बघायची आणि बाजूला ठेवायची. ढीग इकडून तिकडे झाला. तळाची चादर दिसली. खण नव्हता.

पोरगी रडली नाही. तिने सगळे पीस नीट घड्या करून ठेवायला घेतले. मला ते रडण्यापेक्षा वाईट दिसलं. मावशी पन्ह्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती आणि गाझियाबादच्या वहिनींकडे बघत होती. वहिनी जमिनीकडे.

तेवढ्यात सुभेदारीणबाई आल्या.

त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी येतात. हातात पिशवी नव्हती. दारातच थांबल्या, पदर मागे सारला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाल्या, "मी पीस आणला नाही! मी शिवला! बघा!"

आणि गोल फिरल्या.

अंजिरी. हिरवे काठ. बाजारातल्या टेलर मास्टरजीकडे शिवलेला, मला पत्ता लागू नये म्हणून. मागे गळा खोल आणि त्याला दोन गोंडे. उजव्या बाहीच्या काठात धागा चुकलेला मला बसल्या जागेवरून दिसला. पोरीलाही दिसला. ती घडी हातात धरून तशीच राहिली.

बायका बघतच राहिल्या. सुभेदारीणबाईंना वाटलं, सगळ्या चाट पडल्या. म्हणाल्या, "काय मावशे? इतकी वर्षं बोलत होतीस ना? घे!"

मावशीने तांब्या खाली ठेवला. मला खूण केली. "वहिनी, जरा आत या," म्हणाली.

आतल्या खोलीत आम्ही तिघी. मावशीने दार लोटलं आणि एका श्वासात म्हणाली, "वहिनी, शाबास. आता तो काढा."

"काय काढा?"

"ब्लाउज."

"डोकं फिरलंय का तुझं? हळदीकुंकवाला बोलावून अंगावरचे कपडे उतरवतेस?"

"बाहेर ती बारकी पोरगी आहे ना, तिच्या आईने तिला शेवटचं दिलेलं कापड आहे ते. सासूकडून चुकून ओटीत गेलं. आई आता नाही."

सुभेदारीणबाई रागाने लाल झाल्या होत्या, तशाच थांबल्या. बाहीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला काय माहीत? मला त्या गाझियाबादवालीने दिला."

"ती म्हणाली, तिने शिवला."

"तिने कसा शिवला? माझ्या अंगावर आहे ना!"

"तेच तर," मावशी म्हणाली.

मी मध्ये पडले. म्हटलं, "वहिनी, तुमच्या मापाचा आहे, म्हणजे कापड भरपूर आहे. तिच्यापुरता मी आत घेईन. काहीसुद्धा कापावं लागणार नाही."

सुभेदारीणबाई पलंगावर बसल्या. पलंग वाजला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मी आयुष्यात पहिल्यांदा पीस शिवला गं. छान दिसत होता ना?"

"फार छान," मावशी म्हणाली. आणि ते तिने मनापासून म्हटलं, मी शेजारीच होते.

"मग मी बाहेर जाऊ काय घालून?"

मावशीने आपली पेटी ओढली. त्यात तिचे सगळे ब्लाउज, इतक्या वर्षांच्या ओट्यांतले. सुभेदारीणबाईंना होईल एवढा सैल एकच होता, कारण तो प्लास्टिकचा असल्यामुळे मी मुद्दाम ऐसपैस शिवला होता. तो पोपटी, सोनेरी चमकीचा.

"हा घाला," मावशी म्हणाली. "तुमचाच आहे."

सुभेदारीणबाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि त्यांना ओळख पटली. मला वाटलं, आता ताट-वाट्या उडतात. पण त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग त्या अशा हसल्या की बाहेरच्या बायका दाराशी गोळा झाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी खण स्वतः पोरीच्या हातात दिला. ओटीत नाही, हातात. म्हणाल्या, "हे घे. धुऊन दे म्हणाली नाहीस म्हणून तसाच देते." पोरीने तो नाकाशी धरला. त्याला आता सुभेदारीणबाईंच्या पावडरचा वास होता, पण तिने तो खाली केला नाही. मग सुभेदारीणबाई गाझियाबादच्या वहिनींशेजारी जाऊन बसल्या, आणि हळदीकुंकू संपेपर्यंत मान खाजवत राहिल्या. मध्येच मावशीला म्हणाल्या, "अगं, हा टोचतो."

"हो वहिनी," मावशी म्हणाली. "मला माहितीये."

तो ब्लाउज मी आत घेतला. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे भरपूर माया ठेवली, जादा कापड आतच दुमडलं. तिथे जराही कापलं नाही. गळा मात्र मास्टरजीने कापलेला, तो काही परत येत नाही. कापलं ते कापलं. बाह्या लांब होत्या, त्यांच्या वरच्या भागातून पट्टी काढून गळा थोडा वर आणला. चुकलेला धागा बाहीवर ठेवला, पोरीने सांगितलं म्हणून. गोंडे काढू का विचारलं, तर म्हणाली, "राहू द्या काकू. आईला आवडले असते." मावशी बाजूला बसून हुक लावत होती. ती म्हणाली, "सासू काही बोलली गोंड्यांवरून तर माझ्याकडे पाठव." सासू काही बोलली नाही. उलट पुढच्या खेपेला गावाहून येताना तिने मावशीसाठी पीस आणला. चांगला, जाड.

दिवाणावर उरलेल्या पीसच्या मी बाजाराच्या पिशव्या शिवल्या. त्यात कांदे-बटाटे आणतो आम्ही अजून.

मावशी त्यानंतर तीन-चार वर्षं इथे होती. हवालदार गेले, गुडघे पार बसले, मग मुलगा तिला साताऱ्याकडे घेऊन गेला. तो दिल्लीत नोकरीला लागला नव्हता, तिकडेच शेती बघतो. निघायच्या आधी बायकांनी तिला पीस द्यावा की नाही ह्यावर चर्चा केली, नवरा गेलेला म्हणून. तिने ऐकलं आणि दाराशी येऊन म्हणाली, "ब्लाउज घालायचं काय मी सोडलेलं नाही." सगळ्यांनी दिले. ते सगळे तिने मला शिवायला लावले आणि नेले. गावाहून ती फोनवर फोटो पाठवायची. अंगणात उभी, ब्लाउज नवा, साडी भलत्याच रंगाची, आणि खाली नातवाकडून लिहून घेतलेलं, हा अमकीचा, हा तमकीचा. ज्या बाईचा फोटो आला तिला आमच्याकडे मान मिळायचा.

गेल्या वर्षी ती गेली. मुलाचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. बाही अर्धी जोडलेली होती, ती पूर्ण केली आणि मग उठले. मी दिलेल्या पीसचा फोटो यायचा राहिला होता. तो तिने शिवून नेला होता, एवढं मला माहीत आहे. मीच शिवला होता.

ह्या चैत्रात ती मानेसरची पोरगी आली. आता बारकी राहिलेली नाही. कडेवर मुलगी, स्वतः चांगली भरलेली. पिशवीतून तो अंजिरी ब्लाउज काढला. "काकू, होत नाही आता."

मी बाजूची शिवण उसवली. बाहेरचं कापड धुऊन धुऊन फिकं झालं होतं. आत दडलेलं जसंच्या तसं होतं, गडद, चकचकीत. दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या उघड्या झाल्या.

"पेटीत होता तेव्हा असाच होता," पोरगी म्हणाली आणि त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं, "आत अजून उरलंय?"

"आहे. अजून एकदा सैल होईल. त्यापुढे खाणं कमी कर."

ती हसली. जाताना तिने मुलीला खाली उतरवलं आणि पिशवीतून एक पीस काढून माझ्या मशीनवर ठेवला. नवा, पिवळा, काठ बारीक. मी तो उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला. पलीकडे पोरगी दिसत होती आणि तिची मुलगी माझ्या चिंध्या तोंडात घालत होती. मी दोन्ही टोकं पकडून झटका दिला.

"अस्तर लागेल," मी म्हटलं. "पण शिवते."